मार्करचा रिपोर्ट हातात आल्यावर: स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची फाइल कशी वाचावी

मी पॅथॉलॉजिस्ट. गाठीच्या तुकड्याच्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं काम. रुग्ण मला क्वचितच भेटतात. भेटतात ते त्यांचे नातेवाईक, काखेत जाड फाइल आणि हातात नुकताच मिळालेला एक कागद घेऊन. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "मॅडम, सीईए ६.२ आलाय. इथे तर ५ पर्यंत लिहिलंय. म्हणजे परत आलं का?" सीईए हा आतड्याच्या कर्करोगासाठी रक्तात मोजला जाणारा एक मार्कर, म्हणजे आजाराची खूण.

अशा वेळी मी उलट विचारते, "मागचा किती होता? शस्त्रक्रियेआधीचा किती? याच लॅबमध्ये केला होता का?" उत्तरं बहुधा फाइलमध्येच असतात, पण ती कुणी शोधलेली नसतात. सगळ्यांचे डोळे ठळक अक्षरात छापलेल्या त्या एका आकड्यावर खिळलेले असतात. हा आकडा आपल्या जागी कसा ठेवायचा आणि फाइलमधल्या इतर कागदांवर त्याहून महत्त्वाचं काय लिहिलेलं असतं, हे मी इथे क्रमाने सांगते. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा नेमकं काय विचारायचं, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

पहिली पायरी: फाइल तारखेने लावा

बायोप्सीचा रिपोर्ट, शस्त्रक्रियेनंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा), इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा रिपोर्ट (पेशींतली प्रथिनं रंगवून बघण्याची तपासणी, लॅबमध्ये आम्ही 'आयएचसी' म्हणतो), जनुकांच्या तपासण्या, स्कॅन आणि रक्ततपासण्या असे सहा ढीग करा. प्रत्येक ढिगात जुना कागद खाली, नवा वर. रक्ताचे रिपोर्ट सगळ्यात जास्त असतात आणि सगळ्यात वर तेच येतात, म्हणून माणसं तेच वाचत बसतात. खरं तर आजाराची पुढची वाटचाल सांगणारा सर्वांत वजनदार कागद म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. त्याची एक प्रत वेगळी काढून ठेवा.

दुसरी पायरी: मार्कर गाठीतला की रक्तातला, हे ओळखा

'ट्यूमर मार्कर' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक प्रकार गाठीच्या तुकड्यावर तपासतात. स्तनात ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे पेशीतले रिसेप्टर), हर-२ (पेशीच्या कडेवरचं, वाढीचा इशारा देणारं प्रथिन), केआय-६७. आतड्यात एमएमआर (डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं), रास आणि बी-रॅफ (पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकं). गाठीचा स्वभाव काय, तिच्यावर कोणतं औषध चालेल, हे यातून कळतं. दुसरा प्रकार रक्तात मोजतात. आतड्यासाठी सीईए, स्तनासाठी सीए १५-३ किंवा सीए २७.२९. शरीरात आज काय हालचाल चालली आहे, याचा हा एक कच्चा इशारा असतो.

एक फरक आणखी लक्षात ठेवा. उपचार काहीही असोत, आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज काही मार्कर देतात. अमुक औषध लागू पडेल की नाही, हे काही मार्कर सांगतात. काही दोन्ही कामं करतात, आणि हर-२ हे त्यातलं ठळक उदाहरण. हर-२ जास्त असलेली गाठ आक्रमक असते, हे १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन यांच्या गटाने दाखवलं. तेव्हा ती वाईट बातमी होती. १९९८ मध्ये त्याच हर-२ला लक्ष्य करणारं ट्रॅस्टुझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं आणि तोच मार्कर उपचाराची वाट दाखवू लागला. म्हणून कुठल्याही मार्करसमोर एक प्रश्न लिहून ठेवा: याच्या उत्तरावरून आपण काही वेगळं करणार आहोत का?

तिसरी पायरी: मार्करच्या आधी स्टेज वाचा

रिपोर्टच्या शेवटी पीटी, पीएन अशी अक्षरं आणि आकडे असतात. टी म्हणजे गाठ किती मोठी किंवा किती खोल, एन म्हणजे लसिका ग्रंथींपर्यंत पोचली का, एम म्हणजे दूरच्या अवयवात गेली का. या तिन्हींवरून स्टेज ठरते. शस्त्रक्रियेआधी केमो झाली असेल तर समोर 'वाय' लागतो. तो दिसला, की हे चित्र औषधानंतरचं आहे हे समजायचं.

आतड्याच्या कर्करोगात 'टी' गाठीचा आकार मोजत नाही, भिंतीतली खोली मोजतो. टी १ म्हणजे आतल्या थरापुरती, टी ३ म्हणजे स्नायूचा थर ओलांडलेली, टी ४ म्हणजे बाहेरच्या आवरणावर किंवा शेजारच्या अवयवात घुसलेली. किती ग्रंथी तपासल्या तेही बघा, निदान १२ असाव्यात असा दंडक आहे. सातच तपासून सगळ्या स्वच्छ निघाल्या असतील, तर ती खात्री तितकीशी भक्कम नसते आणि डॉक्टर हे धरूनच पुढचं ठरवतात. मार्जिन (कापलेल्या कडेला पेशी आहेत का), रक्तवाहिन्यांत किंवा नसांभोवती पेशी आहेत का, आतडं अडकलं किंवा फुटलं होतं का, या ओळीही वाचा. दुसऱ्या स्टेजला केमो द्यायची की नाही, हे बऱ्याचदा याच ओळींवर ठरतं.

चौथी पायरी: स्तनाच्या गाठीचा स्वभाव

ईआर, पीआर आणि हर-२ या तीन ओळींवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे.

ईआरची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली, की निळसर पेशींमध्ये तपकिरी केंद्रकं दिसतात, मातीत मोहरी सांडावी तशी. किती टक्के पेशी तपकिरी आहेत आणि रंग किती गडद आहे, हे आम्ही लिहितो. १ टक्का पेशी रंगल्या तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्के असतील तर 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं नोंदवतात, कारण अशा गाठी कधीकधी ईआर निगेटिव्ह गाठींसारख्या वागतात. काही ठिकाणी ऑलरेड स्कोअर देतात. त्यात प्रमाणाचे ५ आणि गडदपणाचे ३ मिळून ८ पैकी गुण असतात, आणि ३ पासून पुढे पॉझिटिव्ह. "पॉझिटिव्ह आलंय" म्हणताना घरच्यांचा आवाज कापरा होतो. पण ईआर पॉझिटिव्ह येणं ही बहुतेक वेळा चांगली बातमी असते. ही गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाते आणि टॅमॉक्सिफेन किंवा अरोमाटेज इनहिबिटर गोळ्यांनी ते पोषण तोडता येतं.

हर-२मध्ये रंग केंद्रकात नसतो, पेशीच्या कडेला असतो. ३+ म्हणजे १० टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, अखंड कडा. जाळीच्या कुंपणासारखं दिसतं ते. ० आणि १+ निगेटिव्ह. २+ म्हणजे धड पॉझिटिव्ह नाही, धड निगेटिव्हही नाही. तिथे थांबायचं नाही, फिश तपासणी करून जनुकाच्या प्रती मोजायच्या. फाइलमध्ये २+ असेल आणि फिशचा कागद नसेल, तर तो आजच मागा. ही राहून गेलेली तपासणी मला दर काही महिन्यांनी दिसते, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो, कारण त्या एका कागदावर वर्षभराचं ट्रॅस्टुझुमॅब द्यायचं की नाही हे अवलंबून असतं. आजार पसरलेला असेल तर १+ आणि फिश निगेटिव्ह २+ या 'हर-२ लो' गाठींनाही २०२२ पासून ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकॅन या औषधाचा मार्ग खुला झाला आहे. त्यामुळे नुसतं 'निगेटिव्ह' ऐकून समाधान मानू नका, स्कोअर किती ते बघा.

तिन्ही निगेटिव्ह असेल तर ट्रिपल निगेटिव्ह. हा प्रकार उलटलाच, म्हणजे परत आलाच, तर बहुतेक पहिल्या तीनेक वर्षांत उलटतो. ईआर पॉझिटिव्हचं गणित वेगळं आहे. सुरुवातीला धोका कमी, पण तो लांबवर रेंगाळतो. उलटणाऱ्यांपैकी मोठा वाटा पाच वर्षांनंतरचा असतो, म्हणूनच गोळ्या पाच आणि काहींना त्याहून जास्त वर्षं देतात. "पाच वर्षं झाली, सुटलो" हे वाक्य ट्रिपल निगेटिव्हला बरंचसं लागू पडतं, ईआर पॉझिटिव्हला तितकं नाही.

केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत. ५ टक्क्यांपर्यंत कमी, ३० किंवा त्याहून वर जास्त, असं ठामपणे म्हणता येतं. मधल्या पट्ट्यात दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टचे आकडेही जुळत नाहीत. १८ आला म्हणून हायसं वाटून घेऊ नका आणि २२ आला म्हणून खचू नका.

ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह आणि ग्रंथी स्वच्छ असतील, तर केमोचा फायदा होईल का हे २१ जनुकांच्या ऑन्कोटाइप डीएक्स तपासणीने आजमावता येतं. स्कोअर ० ते १०० असतो. २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासात पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये २५ पर्यंत स्कोअर असताना केमोचा वेगळा फायदा दिसला नाही. पन्नाशीच्या आत मात्र १६ ते २५ या पट्ट्यात काही फायदा दिसला. तपासणी खर्चिक आहे. करण्याआधी डॉक्टरांना विचारा, "स्कोअर काहीही आला तरी निर्णय बदलणार नसेल, तर करायची का?"

शस्त्रक्रियेआधी केमो झाली असेल तर या सगळ्यांच्या वर आणखी एक मार्कर येतो: गाठ औषधाने किती विरघळली. एकही आक्रमक पेशी उरलेली नसणं हे, विशेषतः ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-२ पॉझिटिव्हमध्ये, फार चांगलं लक्षण. काही उरलं असेल, तर शस्त्रक्रियेनंतरचं औषध बदलून ती कसर भरून काढता येते.

बायोप्सीचा तुकडा लगेच फॉर्मालिनमध्ये (नमुना जपणाऱ्या द्रवात) गेला पाहिजे आणि ६ ते ७२ तास त्यात राहिला पाहिजे. तासनतास तसाच पडून राहिला तर ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. गाठ मंद वाढीची, ग्रेड १ आणि तरी तिन्ही निगेटिव्ह, असा बेमेळ दिसला तर ब्लॉक दुसऱ्या लॅबमध्ये दाखवणं किंवा शस्त्रक्रियेच्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करणं योग्य. मेणात जपलेल्या तुकड्याचा तो ब्लॉक मागितल्यास मिळतो.

पाचवी पायरी: आतड्याच्या गाठीचा स्वभाव

इथे 'पॉझिटिव्ह' शब्दाचा अर्थ पुन्हा पालटतो. एमएमआर तपासणीत एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रथिनं बघतात. चारही रंगली, म्हणजे डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा शाबूत आहे. एखादं गायब असेल तर ती बिघडली आहे. याच बिघाडाला दुसऱ्या पद्धतीच्या रिपोर्टमध्ये 'एमएसआय-हाय' लिहितात. आतड्याच्या कर्करोगांपैकी साधारण १५ टक्के असे असतात.

बिघाड ऐकून धसका बसतो. पण दुसऱ्या स्टेजमध्ये अशा गाठींची वाटचाल उलट चांगली असते, आणि एकट्या फ्लुरोयुरॅसिलच्या केमोचा त्यांना फायदा होत नाही. आजार पसरलेला असेल तर इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं) त्यांना केमोपेक्षा चांगली लागू पडते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून गुदाशयाच्या अशा गाठींचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपी औषधाचा कोर्स पूर्ण केलेल्या पहिल्या बाराही रुग्णांत गाठ दिसेनाशी झाली. बारा ही संख्या लहान आहे, पण गुदाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया ठरण्याआधी एमएमआरचा रिपोर्ट हातात का हवा, ते यावरून कळावं.

या बिघाडामागे कधीकधी लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असतो. एमएलएच१ गायब असेल आणि सोबत बी-रॅफमध्ये बदल असेल, तर बहुधा तो आनुवंशिक नसतो. बाकीच्या वेळी जनुकीय समुपदेशन घ्या. इथे प्रश्न एका माणसाचा नसतो, भावंडांचा आणि मुलांचाही असतो, आणि वेळेवर कोलोनोस्कोपी झाली तर त्यांचा कर्करोग टळू शकतो.

आजार पसरला असेल तर रास आणि बी-रॅफ तपासलेच पाहिजेत. रासमध्ये बदल असेल तर सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही औषधं सहसा चालत नाहीत. रास गटातल्या एकट्या के-रास या जनुकातच सुमारे ४० टक्के रुग्णांत बदल सापडतो. पसरलेल्या आजारात बी-रॅफमध्ये व्ही६००ई हा बदल असणं हे वाटचाल अवघड असल्याचं लक्षण, पण त्यावर नेमकी औषधं आली आहेत. गाठ डाव्या बाजूला होती की उजव्या, हेही विचारा. पसरलेल्या आजारात डाव्या बाजूची वाटचाल साधारणपणे बरी असते.

सहावी पायरी: सीईएची वही

सीईए सापडला १९६५ मध्ये. माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना तो आतड्याच्या कर्करोगात आणि गर्भाच्या आतड्यात मिळाला, म्हणून त्याच्या नावात 'कार्सिनो' आणि 'एम्ब्रायॉनिक' दोन्ही आहेत. निदानासाठी तो कामाचा नाही. पहिल्या स्टेजच्या बहुतेक रुग्णांत तो नॉर्मल असतो, आणि कर्करोग नसतानाही वाढू शकतो. त्याचं काम शस्त्रक्रियेनंतर सुरू होतं.

एक वही घ्या. तारीख, आकडा, लॅब, तपासणीची पद्धत आणि त्या आठवड्यात काय चाललं होतं (केमो, ताप, कावीळ, नवी औषधं) असे रकाने पाडा. पहिली नोंद शस्त्रक्रियेआधीची. दुसरी शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी, कारण रक्तातला जुना सीईए निघून जायला तेवढा वेळ लागतो. आधी वाढलेला सीईए या वेळेपर्यंत नॉर्मलला उतरला तर चांगलं लक्षण. अशांची वाटचाल पहिल्यापासून नॉर्मल असलेल्यांसारखीच असल्याचं आढळलं आहे. उतरला नाही तर कुठे काही उरलंय का, हे शोधायला हवं. त्यानंतर सर्वसाधारण वेळापत्रक असं: दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी.

आता दोन वह्या शेजारी ठेवून बघू. पहिल्या वहीत समजा शस्त्रक्रियेआधी १८.४, मग २.१, १.९, २.३, २.०, आणि मग ३.६, ४.८. दुसरीत ६.१, ५.८, ६.३, ५.९. दुसरा माणूस धूम्रपान करतो. लॅबचा कॉम्प्युटर दुसऱ्याचे सगळे आकडे ठळक करेल आणि पहिल्याच्या एकाही नव्या आकड्याला हात लावणार नाही, कारण ४.८ अजून ५ च्या आत आहे. पण काळजी पहिल्या वहीची करायची. तिथली रेघ आपली पातळी सोडून दोनदा वर गेली आहे. दुसरीतली रेघ जागेवरच आहे. म्हणून मी म्हणते, लॅबने छापलेली संदर्भ मर्यादा दुसऱ्यांची असते, तुमची मर्यादा तुमच्या वहीत असते.

लॅब मध्येच बदलू नका. प्रत्येक यंत्राचा आकडा थोडा वेगळा येतो, आणि ३.१ वरून ४.० ही 'वाढ' निव्वळ यंत्र बदलल्यामुळे असू शकते. बदलावीच लागली तर पहिली तपासणी शक्य असल्यास दोन्हीकडे करा. केसांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा खाली येतो.

सातवी पायरी: सीए १५-३ला वही लागते का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. स्तनाचा उपचार पूर्ण झाला, तब्येत ठीक आहे, मग दर तीन महिन्यांनी सीए १५-३ का करू नये?

उत्तर दोन्ही आजारांच्या फरकात आहे. आतड्याचा कर्करोग उलटतो तेव्हा अनेकदा यकृतात एक-दोन गाठी येतात. त्या लवकर सापडल्या तर कापून काढता येतात, आणि अशा निवडक रुग्णांपैकी काही जण कायमचे बरे होतात. म्हणजे सीईएने दिलेल्या इशाऱ्यावर काहीतरी करता येतं. स्तनाचा कर्करोग दूर पसरला तर उपचार मुख्यतः औषधांचा. तो लक्षणं दिसण्याच्या काही महिने आधी सुरू केल्याने आयुष्य वाढतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. वाढते ती धाकधूक, एकामागून एक स्कॅन, आणि रिपोर्टच्या आदल्या रात्रीची जागरणं. म्हणून उपचार संपलेल्या आणि लक्षणं नसलेल्या स्त्रियांमध्ये नियमित सीए १५-३ करू नये, अशी प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. नियमित तपासणी, दरवर्षी मॅमोग्राफी, गोळ्या न चुकवणं आणि नवं दुखणं टिकून राहिलं तर लगेच सांगणं, इतकं नीट करा. आजार पसरलेला असेल तर मात्र औषध लागू पडतंय का हे बघायला सीए १५-३ स्कॅनच्या जोडीने उपयोगी पडतो.

आठवी पायरी: आकडा वाढून आला तर

त्याच लॅबमध्ये काही आठवड्यांनी पुन्हा करा. एका आकड्यावर कुणीही केमो सुरू करू नये किंवा बदलू नये. मधल्या काळात दुसरी कारणं तपासा. सीईएसाठी धूम्रपान, यकृताचे आजार, स्वादुपिंडाचा दाह, आतड्याचा जुना दाह, फुप्फुसांचा जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा विकार. सीए १५-३साठी यकृताचे आजार आणि स्तनाच्या साध्या गाठीसुद्धा.

नवा उपचार सुरू होऊन चार ते सहा आठवडेच झाले असतील तर आणखी एक शक्यता असते. औषधाने पेशी फुटतात, त्यांच्यातलं द्रव्य रक्तात येतं आणि आकडा आधी वर जाऊन मग खाली येतो. ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाच्या केमोमध्ये सीईए कधीकधी असा चढतो. या चढाला 'औषध चालत नाही' समजून चांगला उपचार सोडून दिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, म्हणून हे पुन्हा सांगते: पहिल्या दीड महिन्यातल्या चढावरून निर्णय नको.

पुन्हा केल्यावरही सीईए वाढलेलाच असेल तर छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन आणि गरजेनुसार कोलोनोस्कोपी. स्कॅन स्वच्छ आणि आकडा चढता, असंही होतं. तेव्हा थोड्या थोड्या अंतराने स्कॅन करत लक्ष ठेवतात.

नववी पायरी: टक्क्यांकडे कसं बघायचं

"पाच वर्षांचं प्रमाण ७० टक्के" म्हणजे रुग्ण ७० टक्के बरा झाला, असं नाही. तशा शंभर जणांपैकी सत्तर जण पाच वर्षांनंतर हयात होते, इतकंच. हे शंभर जण किमान पाच वर्षांपूर्वीचे, म्हणजे त्यांना तेव्हाचीच औषधं मिळालेली. स्टेजनुसार दिलेल्या आकड्यात हर-२, एमएमआर, वय, बाकीचे आजार सगळे एकत्र मिसळलेले असतात. 'मध्यक २४ महिने' असेल तर निम्मे लोक त्यापुढे जगले, आणि त्यातले काही खूप पुढे.

शिवाय हा आकडा काळानुसार बदलतो. आतड्याचा कर्करोग उलटलाच तर बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. म्हणून तीन वर्षं निर्वेध गेलेल्या माणसाला निदानाच्या दिवशीचा आकडा लागू होत नाही. त्याचा आजचा आकडा त्याहून बराच चांगला असतो. डॉक्टरांना तसंच विचारा, "आजपासून पुढे काय?"

भेटीला जाताना वहीच्या शेवटच्या पानावर हे प्रश्न लिहून न्या. स्टेज नेमकी कोणती? हर-२ २+ होता, तर फिश झालं का? एमएमआरचा रिपोर्ट कुठे आहे, आणि घरच्यांनी तपासायचं का? ही रक्ततपासणी कशासाठी, आणि वाढली तर आपण काय वेगळं करू? पुढची कधी? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे वहीत तारखेसह उतरवा, आणि लॅबचं नावही शेजारीच लिहा.